अनुस्वाराचे जतन : ‘मूकनायक’च्या पानांपासून संगणकीय प्रतिमांपर्यंत

कोल्हापूरनजीकची शिरोली औद्योगिक वसाहत ओतकामाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. ती ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील माणगाव येथे २१ व २२ मार्च १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. राजर्षी शाहू महाराज तीस उपस्थित होते. तत्पूर्वी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले होते व त्यास महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. त्या काळातील अस्पृश्य समाजाचा स्वतःचा शब्द प्रामुख्याने अशा पत्रांतच उरला आहे. सरकारी दप्तरांत आढळतो तो बहुधा इतरांनी त्याच्याविषयी लिहिलेला मजकूर.

हा कागद टिकाऊ नव्हे. पंचगंगेच्या २०१९ व २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता; तेथे घरोघरच्या जुन्या अंकांची काय कथा! महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये वसंत मून यांच्या संपादकत्वाखाली ‘बहिष्कृत भारत’ व ‘मूकनायक’ ग्रंथरूपाने उपलब्ध केले, हे मोठेच कार्य होय. आता पुढील टप्पा संगणकीय प्रतिमांचा आहे.

बारा इंच रुंद व अठरा इंच उंच पान इंचास ३०० बिंदू या प्रमाणात टिपले असता ३,६०० × ५,४०० बिंदूंची प्रतिमा तयार होते. रंगीत प्रतिमा असंपीडित ठेवल्यास एकट्या पानास सुमारे ५८ मेगाबाइट लागतात. खेड्यातील विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर ती उघडणे दुरापास्त. म्हणून शेकडो पाने एकाच आज्ञेने लहान केली जातात. रुंदी १,२०० केली की बिंदूंची संख्या नवव्या हिश्श्यावर येते.

मात्र धोका येथेच आहे. अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार मूळ प्रतिमेत सुमारे सहा बिंदूंचा असतो, तो येथे दोन बिंदूंवर येतो आणि जास्त संपीडन केल्यास कागदाच्या डागांत मिसळून जातो. पालीच्या अभ्यासकास याचे गांभीर्य सांगावयास नको. ‘बुद्धं’ मधील निग्गहीत गेले की द्वितीया विभक्तीच गेली! मराठीतही ‘त्यानी’ व ‘त्यांनी’ यांत एका बिंदूचेच अंतर, पण तेवढ्यावर आदर उभा असतो.

दुसरा धोका आज्ञेचा. ‘इमेजमॅजिक’ या प्रचलित प्रणालीतील ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा निराळे स्थान न सांगितल्यास लहान प्रत मूळ प्रतीवरच लिहिते. शिरोलीचा कारागीर पॅटर्न जपून ठेवतो व त्यावरून नग काढतो. नग घासावा लागला म्हणून पॅटर्न कोणी घासत नाही. तद्वत मूळ ‘टिफ’ प्रती अलग ठेवून त्यांवरूनच वाचनाच्या ‘जेपेग’ प्रती कराव्यात.

इ.स.पूर्व पहिल्या शतकात, दुष्काळ व युद्धाने भाणकांची परंपरा संकटात आली असता, सिंहलद्वीपात तिपिटक लिपिबद्ध झाले. तेव्हा माध्यम बदलले, पण पाठाची काळजी सुटली नाही. आपल्या संस्थांनी संपूर्ण संच लहान करण्यापूर्वी सर्वांत बारीक टाइपाची व सर्वांत फिकट अशी दहा पाने निवडावीत, ती लहान करून एखाद्या वृद्ध वाचकाकडून भ्रमणध्वनीवर वाचून घ्यावीत आणि मगच रुंदी ठरवावी. मूळ संचाची एक प्रत पूररेषेबाहेरील गावी असावी.