सहा ठिपके आणि शुद्धलेखन

वाचन-लेखन ही जोडी आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि एक साधली म्हणून दुसरी साधतेच असे नाही, याचा विसर पडतो. अंध विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा इतिहास मात्र हा विसर पडू देत नाही.

व्हॅलेंतँ आउई यांनी १७८५ साली पॅरिसमध्ये अंध मुलांची शाळा काढली. डोळसांचीच रोमन अक्षरे जाड कागदावर उठावाने छापावीत आणि मुलांनी ती बोटांनी वाचावीत, ही त्यांची पद्धत. हेतू उदार होता. परंतु अक्षराचे वळण डोळ्यासाठी घडलेले होते आणि बोटाला ते सावकाशच उलगडे. ग्रंथ अवजड होत. त्याहून मोठी उणीव अशी, की ही अक्षरे मुख्यतः छापखान्यातच उमटत. विद्यार्थी दुसऱ्याचे वाचू शके. स्वतःचे लिहून तेच पुन्हा वाचणे त्याला दुष्कर होते.

१८२१ साली शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची पद्धत या शाळेपुढे आली. तिच्यात रेषांऐवजी उठावदार ठिपके होते. ठिपका बोटाला चटकन कळतो आणि साध्या टोच्याने कागदावर उमटवताही येतो. पण एका चिन्हात बारापर्यंत ठिपके असल्याने ते बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. शिवाय ही चिन्हे अक्षरांची नव्हती, ध्वनींची होती. वर्णलेखन नाही, विरामचिन्हे नाहीत. म्हणजे ऐकलेले टिपता येई, पण भाषेचे लिखित रूप हाती लागत नसे.

१८१९ पासून त्याच शाळेत शिकणाऱ्या लुई ब्रेलने ही उणीव ओळखली. १८२४ पर्यंत, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा ठिपक्यांची रचना सिद्ध केली. तिच्यातून ६३ चिन्हे होतात आणि ती ध्वनीची नव्हे, अक्षराची असतात. १८२९ साली ही पद्धत ग्रंथरूपाने आली. तरीही अंधांची लिपी डोळसांहून वेगळी असू नये, असे मानणाऱ्यांचा विरोध झाला, आणि १८४० नंतर काही काळ त्या शाळेतच तिला मज्जाव होता. डोळसांशी पत्रव्यवहाराची गरज ब्रेललाही जाणवत होतीच. म्हणून १८३९ साली त्याने ठिपक्यांनी रोमन अक्षरांचे आकार उमटवण्याची वेगळी पद्धत मांडली. मात्र स्वतःच्या वाचनासाठी बोटाला अनुकूल लिपीच हवी, हा त्याचा आग्रह होता. शाळेने ती लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली. ब्रेल १८५२ मध्येच निवर्तला होता.

भारतीय भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारली गेली. बंगाली, तमिळ वा मराठी, ‘क’ला चिन्ह एकच. ‘कि’ लिहिताना छापील वेलांटी व्यंजनाआधी येते. येथे आधी ‘क’ आणि मग ‘इ’. मात्र ‘इ’ आणि ‘ई’, ‘उ’ आणि ‘ऊ’ यांची चिन्हे वेगळी आहेत. मराठीच्या अभ्यासकाला याचे महत्त्व सांगावयास नको. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ आपल्या रोजच्या उच्चारात एकसारखेच ऐकू येतात. बोटाला मात्र ते वेगळे लागतात.

रे कुर्झवाइल यांचे छापील मजकूर मोठ्याने वाचणारे यंत्र १९७६ साली आले. २००६ साली मायकेल करन यांनी ऑस्ट्रेलियात एनव्हीडीए या मोफत पडदावाचकाचे काम सुरू केले. आता संगणक मराठीही वाचून दाखवतो. या साधनांनी ग्रंथालयांची दारे उघडली, हे निर्विवाद. परंतु केवळ ऐकून शिकणाऱ्याच्या वाट्याला पुन्हा बार्बिएचीच मर्यादा येते: ध्वनी मिळतो, वर्ण निसटतो. पडदावाचक अक्षरे एकेक करूनही उच्चारतो, पण तसे विचारण्यासाठी शंका यावी लागते, आणि शंका येण्यासाठी शब्दाचे लिखित रूप कधीतरी परिचयाचे झालेले असावे लागते. परीक्षेत लेखनिक बसला, की ऱ्हस्व-दीर्घ आणि स्वल्पविरामही त्याचेच. मग उत्तरपत्रिकेतील भाषा नेमकी कोणाची तपासली जाते?

म्हणून कोणतेही साधन विद्यार्थ्याला किती ऐकवते, एवढ्यावर त्याचे मोल ठरवणे अपुरे आहे. त्याला स्वतःचे वाक्य लिहिता येते का, ते पुन्हा वाचता येते का, आणि वाचून खोडता येते का, हे प्रश्न विचारावयास हवेत. आउईच्या ग्रंथांत हे शक्य नव्हते, ब्रेलच्या पाटीवर झाले. नव्या यंत्रांनी ते पुन्हा हिरावून घेऊ नये, याची जबाबदारी यंत्रे घडवणाऱ्यांइतकीच भाषा शिकवणाऱ्यांचीही आहे.