गोव्याचे फुटबॉल संघ : पुनर्बांधणी आणि प्रेक्षक

गोव्याच्या प्रेक्षकाला संघबांधणीचा धडा मिळाला तो धेंपो स्पोर्ट्स क्लबकडून. 2000 मध्ये आर्मांदो कुलासो या स्थानिक प्रशिक्षकाने संघाची सूत्रे हाती घेतली आणि 2013 पर्यंत ती सोडली नाहीत. या काळात 2004-05, 2006-07, 2007-08, 2009-10 आणि 2011-12 अशी 5 राष्ट्रीय विजेतेपदे आली. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही घरची फळी. पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो. खेळाडू वर्षानुवर्षे तेच असल्याने एखादा हंगाम हुकला तरी मैदानावर ओरड होत असे, पण प्रशिक्षक बदला अशी घाई सहसा नसे. साळगावकर (1998-99, 2010-11) आणि चर्चिल ब्रदर्स (2008-09, 2012-13) या गोव्यातल्याच क्लबांच्याही खात्यावर प्रत्येकी 2 विजेतेपदे होती, त्यामुळे प्रेक्षकांची अपेक्षा मुळातच चढी होती.

2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि ही चाल मोडली. तिच्यातल्या एफसी गोवाच्या पहिल्या मालकांत धेंपो व साळगावकर या घराण्यांतली माणसे होती, प्रशिक्षक मात्र ब्राझीलचे झिको. स्पर्धा जेमतेम काही महिन्यांची, करार तितकेच आखूड. संघ दरवर्षी जवळपास नव्याने जमवावा लागे. 2015 मध्ये गोवा गुणतक्त्यात पहिला आला. गोव्यातल्याच फातोर्ड्याच्या मैदानावरील अंतिम सामन्यात 87व्या मिनिटाला 2-1 अशी आघाडी मिळाली, तरी चेन्नईयिनने अखेरच्या क्षणांत दोन गोल करून चषक नेला. पुढच्या वर्षी हाच संघ तळाला गेला. झिकोंचे नाव मोठे होते, पण एका हंगामावर उभ्या केलेल्या संघाला मुळे नसतात हे तेव्हा उघड झाले.

जुन्या क्लबांचीही परवड झाली. धेंपो 2015 मध्ये आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमधून खाली घसरला, 2016 मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद जिंकून परतला, आणि त्याच वर्षी लीगच्या बदलत्या रचनेला विरोध म्हणून साळगावकर व स्पोर्टिंग या गोव्याच्या क्लबांसह बाहेर पडला. पुन्हा आय-लीगमध्ये दिसायला 2024-25 चा हंगाम उजाडला.

2017 मध्ये एफसी गोवाचे प्रशिक्षक म्हणून स्पेनचे सर्जिओ लोबेरा आले. चेंडू आपल्या पायात ठेवून, बचावफळीपासून रचत जाणारा खेळ त्यांनी रुजवला आणि आघाडीवीर कोरोने सलग दोन हंगामांत सर्वाधिक गोल केले. 2019 च्या अंतिम फेरीत बेंगळुरूकडून जादा वेळेत 1-0 अशी हार झाली, पण त्याच वर्षी सुपर कप आला. गोल होत होते, डौल होता. संघ हरूनही प्रेक्षक टिकले.

जानेवारी 2020 च्या अखेरीस, संघ गुणतक्त्यात वर असताना, लोबेरा दूर झाले. हंगामी सूत्रे मिळाली ती क्लिफर्ड मिरांडाकडे, कुलासोंच्या हाताखाली घडलेल्या मधल्या फळीतल्या खेळाडूकडे. 19 फेब्रुवारीला जमशेदपूरला 5-0 असे हरवून गोव्याने गुणतक्त्यातल्या पहिल्या क्रमांकाची लीग शील्ड जिंकली. लोबेरा नंतर मुंबई सिटीत गेले, गोव्याचे काही बिनीचे खेळाडूही तिकडे वळले, आणि 2020-21 मध्ये मुंबईने शील्ड आणि चषक दोन्ही पटकावले. गोव्याने मात्र एप्रिल 2021 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. ते सामने फातोर्ड्यालाच झाले, पण महासाथीमुळे प्रेक्षकांविना.