परका अवयव, आपली माती

पिंपरीत रिक्षावाल्याला ‘एच. ए.’ एवढे सांगितले की पुरते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हे पूर्ण नाव आता कागदोपत्रीच उरले आहे. हा कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. स्वतंत्र भारतात सरकारी मालकीचा हा पहिला प्रतिजैविकांचा कारखाना. त्यावर बरेच लिहिले गेले आहे, पण बहुतेक सगळे पेनिसिलिनवर. मला गेली काही वर्षे ओढ आहे ती तिथल्या संशोधन विभागाची आणि त्यातून निघालेल्या एका जवळपास विसरलेल्या औषधाची.

त्या विभागात एम. जे. तिरुमलाचार नावाचे कवकशास्त्रज्ञ होते. बुरशी हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. मातीतल्या सूक्ष्मजंतूंपैकी कोणता बुरशी मारतो याचा शोध त्यांच्या गटाने चालवला होता. १९६१ साली त्यांनी कारखान्याच्याच नियतकालिकात एक नवे बुरशीनाशक जाहीर केले. पिंपरीच्या मातीत सापडलेल्या ज्या जंतूपासून ते मिळाले, त्याला नाव दिले ‘स्ट्रेप्टोमायसेस पिंपरिना’, आणि औषधाला ‘हॅमायसिन’. औषधाच्या नावात कारखाना आणि जंतूच्या नावात गाव! आपल्या औद्योगिक पट्ट्याला मोटारी आणि स्कूटर यांची ओळख चिकटण्याआधीची ही गोष्ट आहे.

बुरशी मारणाऱ्या औषधाची निकड तेव्हा कोणाला होती? त्वचेचे आणि तोंडातले विकार होतेच. पण ज्यांना अशा औषधावाचून पुढे जगणे अवघड होणार होते, असा एक नवाच रुग्णवर्ग त्याच सुमारास जगात जन्माला येत होता. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांचा.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली त्याच वर्षी, २३ डिसेंबर १९५४ रोजी, बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. भाऊ एकसारखे जुळे होते, म्हणून शरीराने ते परके मानले नाही. जुळे नसलेल्यांचे काय, हा खरा प्रश्न होता. त्यावर उत्तर निघाले ते शरीराचा पहारा सैल करण्याचे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅझाथायोप्रिन आणि जोडीला स्टेरॉइड अशी पद्धत रूढ झाली. मूत्रपिंड टिकू लागले, पण माणसे जंतुसंसर्गाने जाऊ लागली.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हृदयाचे आहे. डिसेंबर १९६७मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की यांना दुसऱ्याचे हृदय बसवले. अठराव्या दिवशी ते गेले, न्यूमोनियाने. हृदय नीट चालत होते. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांच्या गटाने १९६५मध्ये मूत्रपिंडाचे आणि फेब्रुवारी १९६८मध्ये हृदयाचे प्रत्यारोपण केले. हृदयाचा रुग्ण काही तासांतच दगावला. संसर्गाची पाळी यायलासुद्धा वेळ मिळाला नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाल्यावर ही शस्त्रक्रिया देशात खऱ्या अर्थाने रुजली.

पुढची औषधे कुठून आली हे वाचताना मला पुन्हा पुन्हा तिरुमलाचारांची आठवण होई. सायक्लोस्पोरिन मिळाले नॉर्वेतल्या पठारावरच्या मातीतल्या बुरशीपासून. त्याचा प्रतिकारशक्तीवरचा परिणाम १९७०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये ध्यानात आला आणि १९८३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. टॅक्रोलिमस जपानमधील त्सुकुबाच्या मातीतले. सिरोलिमस ईस्टर बेटाच्या मातीतले. ते हाती लावणारे सुरेंद्रनाथ सहगल मूळचे आपल्याच उपखंडातले, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. गंमत अशी, की सिरोलिमसचा शोध सुरू झाला तो बुरशीनाशक म्हणून. पिंपरीत जे शोधत होते तेच माँट्रिअलला शोधत होते. तिकडे हाती लागले ते औषध बुरशी तर मारी, पण माणसाची प्रतिकारशक्तीही दाबी. म्हणजे पहारा सैल करणारे औषध मातीतले, सैल पहाऱ्यातून आत शिरणारी बुरशी मातीतली, आणि त्या बुरशीवरचा उताराही मातीतलाच.

प्रत्यारोपणानंतर निरोगी माणसाला सहसा न बाधणारे जंतू संधी साधतात, म्हणून या संसर्गांना संधिसाधू म्हणतात. संधी कोणाला जास्त मिळते, याचा मेळ बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट रुबिन यांनी १९८०च्या सुमारास घातला, आणि अजून तोच शिकवला जातो. दोन गोष्टींचा गुणाकार करायचा. पहिली, रुग्णाची प्रतिकारशक्ती एकूण किती दबली आहे. दुसरी, तो कोणत्या जंतूंच्या आणि किती संपर्कात येतो. पहिलीत केवळ गोळ्यांचा डोस येत नाही. शरीराने अवयव नाकारायला सुरुवात केली म्हणून दिलेले स्टेरॉइडचे मोठे डोस किंवा लिम्फोसाइट मारणारी इंजेक्शने, मधुमेह, कुपोषण, पांढऱ्या पेशींची घट, शरीरात राहिलेल्या नळ्या, हे सगळे त्यात मोजायचे. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू तर स्वतः रोगही करतो आणि प्रतिकारशक्ती आणखी दाबून बुरशीला वाटही करून देतो. रुबिन यांनी कालक्रमही मांडला. पहिल्या महिन्यात शस्त्रक्रियेचे आणि रुग्णालयातले नेहमीचे जंतू, दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत खरे संधिसाधू, आणि त्यानंतर, सगळे सुरळीत असेल तर, चारचौघांना होतात तसले संसर्ग.

हे वेळापत्रक बॉस्टनचे आहे. ते आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाही, हे मला या सगळ्या अभ्यासातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. सायटोमेगॅलोचेच घ्या. पाश्चात्त्य पुस्तकांत सर्वांत मोठी धास्ती असते ती दात्यात विषाणू आहे आणि घेणाऱ्याला तो कधीच झालेला नाही, अशा जोडीची. आपल्याकडे बहुतेक सर्वांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे अशी जोडी क्वचित. इथला धोका आत झोपलेला विषाणू जागा होण्याचा.

आणि क्षयरोग. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८६ ते १९९९ या काळातल्या १,२५१ मूत्रपिंड प्रत्यारोपणांचा हिशेब २००१ साली प्रसिद्ध केला. त्यांतल्या १६६ जणांना पुढे क्षय झाला, म्हणजे शंभरात तेरा. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास असते. आधीपासून मधुमेह किंवा यकृताचा जुना विकार असलेल्यांना धोका अधिक होता, आणि सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांना क्षय लवकर गाठत होता. हा क्षय पुष्कळदा बाहेरून आलेला नसतो. लहानपणी कधीतरी चाळीत, वर्गात, एस. टी.त श्वासाबरोबर आलेला आणि शरीराने चाळीस वर्षे कोंडून ठेवलेला जंतू असतो. त्यावर रिफाम्पिसिन द्यावे तर ते यकृताला असे कामाला लावते की सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस रक्तातून भराभर नाहीसे होतात, आणि नवे मूत्रपिंड धोक्यात येते. बुरशीवरच्या व्होरिकोनॅझोलसारख्या औषधांचे नेमके उलटे, त्यांनी टॅक्रोलिमस रक्तात साठते. डॉक्टर दर थोड्या दिवसांनी रक्तातली पातळी का तपासायला लावतात, त्याचे कारण हे. नातेवाइकांना तो नुसता खर्च वाटतो.

आता आपल्या भागाकडे येतो. पिंपरी-चिंचवडमध्ये आज प्रत्यारोपण करणारी रुग्णालये आहेत. मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप पुण्याच्या विभागीय समन्वय केंद्रामार्फत, १९९४च्या कायद्यानुसार होते. मूत्रपिंडे निकामी होण्याच्या कारणांत मधुमेह आघाडीवर आहे, म्हणजे रुबिन यांच्या गुणाकारातला पहिला आकडा इथे मुळातच मोठा. दुसरा आकडा हवेत आहे. बांधकाम आणि पाडकामाच्या धुळीतून अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू उडतात, आणि रुग्णालयाशेजारच्या बांधकामांतून रुग्णांना तिची लागण झाल्याची उदाहरणे जगभर नोंदली आहेत. निगडीपासून चाकणपर्यंत गेल्या तीस वर्षांत खोदकाम थांबले आहे असा दिवस मला तरी आठवत नाही. घरी आलेल्या रुग्णाला कुंडीतली माती उकरू नका, जुनी भिंत फोडताना जवळ थांबू नका असे सांगतात, ते म्हणून.

२०२१ साली काळी बुरशी, म्हणजे म्युकर, घराघरांत माहीत झाली. बहुतेक रुग्णांची कहाणी कोविड, अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड अशी. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना हे त्रिकूट नवे नव्हते. साखर आणि स्टेरॉइड यांची जोडी ते अनेक वर्षे पाहत होते. औषध अ‍ॅम्फोटेरिसिन बी, तेही मातीतलेच, व्हेनेझुएलाच्या. ते बुरशीच्या पेशीचे आवरण भोकसते, पण मूत्रपिंडालाही इजा करते. ज्याला मोठ्या मुश्किलीने मूत्रपिंड मिळाले आहे त्याला ते देणे म्हणजे काय, याची कल्पना यावी. म्हणून ते स्निग्ध कणांत गुंडाळून देतात, आणि तेच गुंडाळलेले औषध मे २०२१मध्ये महाराष्ट्रात मिळेनासे झाले. असे औषध भारतात तयार करण्याच्या कामात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा मोठा वाटा आहे, आणि ते काम झाले परळच्या त्याच के. ई. एम.मध्ये.

हॅमायसिन रचनेने याच अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुळातले. १९६०च्या दशकात अमेरिकेत शरीराच्या आत पसरलेल्या बुरशीवर ते देऊन पाहिले गेले, पण विषारीपणामुळे तिथे टिकले नाही. तोंडातल्या आणि त्वचेवरच्या संसर्गांपुरते उरले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीत बी. के. बछावत यांच्या गटाने ते स्निग्ध कणांत घालून अ‍ॅस्परजिलसची लागण केलेल्या उंदरांना दिले, आणि गुण दिसला. म्हणजे अ‍ॅम्फोटेरिसिनला ज्या युक्तीने नवे आयुष्य मिळाले, तीच युक्ती पिंपरीच्या औषधालाही लागू पडत होती. पण त्याच दशकात कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत गेला. पगार थकले. उंदरांच्या पुढे माणसांवर वापरण्याजोगे औषध त्यातून घडले नाही. तिरुमलाचारांच्या गटाचे दुसरे बुरशीनाशक, ऑरिओफंगिन, शेतात पिकांवर फवारण्यासाठी वापरात आले.