रेवदंड्याच्या तटबंदीतून रोज शेकडो गाड्या जातात, पण नारळीच्या वाड्यांत एक अख्खं पोर्तुगीज शहर पडलंय ते कुणाला दिसत नाही

शुक्रवारी संध्याकाळी रहाटणी, काळेवाडी, वाकडमधून ज्या गाड्या काशीद-मुरुडच्या दिशेने सुटतात, त्यातल्या बहुतेक अलिबाग ओलांडून रेवदंड्याला येतात. गावात शिरताना रस्ता अचानक अरुंद होतो. दोन्ही बाजूंना काळ्या दगडांची जाडजूड भिंत येते, समोरून एसटी आली तर गाडी मागे घ्यावी लागते. थोडं पुढे गेलं की पुन्हा तसंच. मग साळावचा पूल लागतो आणि लोक समुद्राचे फोटो काढायला लागतात.

ती भिंत म्हणजे किल्ल्याची तटबंदी. गाडी एका दरवाजाने किल्ल्यात शिरली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडली, इतकं सगळं होऊनही आतल्यांना पत्ता नसतो. आणि हा नुसता किल्लाही नव्हता. तटाच्या आत चर्च, मठ, वखारी, सावकारांची घरं असलेलं भरभक्कम बंदर होतं. पोर्तुगीज त्याला चौल म्हणायचे, आज आपण त्याला रेवदंडा किंवा आगरकोट म्हणतो.

हे शहर गेलं कुठे?

आधी दोन चौलांची भानगड

जुन्या प्रवासवर्णनांत चौल वाचताना गोंधळ होतो, कारण चौल दोन होती. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांचं खालचं चौल, म्हणजे रेवदंडा. त्याच्या जरा आत, वरचं चौल. हे मूळ गाव, आणि ते फार जुनं.

किती जुनं? कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत ‘चेमुल’ हे नाव येतं. टॉलेमीच्या भूगोलात ते ‘सेमिल्ला’ आहे. अरब लोक ‘सैमूर’ म्हणायचे. बगदादचा अल् मसूदी इ. स. ९१५-१६ च्या सुमारास इथे येऊन गेला. तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करत होता, आणि मसूदी लिहितो की या एका गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते. त्यात सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले लोक होते आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलंही. चौलात ३६० देवळं आणि ३६० तळी होती असं गावात आजही सांगतात. आकडा मोजून बघायला कुणी जात नाही, पण असा आकडा लहान गावाबद्दल तयार होत नाही.

पोर्तुगीज येण्याआधी साधारण चाळीस वर्षं एक रशियन माणूस इथे उतरला होता. अफनासी निकितीन, रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी. सोबत एक घोडा, तो विकून पैसे करायचे हा बेत. दख्खनच्या सुलतानांना घोडे हवे असत, आणि ते अरबस्तान-इराणकडून समुद्रमार्गेच येत. निकितीन चौलहून पालीमार्गे घाट चढून जुन्नरला आला. तिथल्या असदखानाने घोडा काढून घेतला आणि मुसलमान हो नाहीतर दंड भर असं फर्मावलं. एका ओळखीच्या खुरासानी माणसाने रदबदली केली म्हणून घोडा परत मिळाला. पावसाळा त्याने जुन्नरलाच काढला. रेवदंड्यातल्या एका शाळेच्या आवारात २००२ साली त्याचं स्मारक उभारलंय. वाट वाकडी करून बघण्यासारखं आहे.

घोड्याच्या या गोष्टीत चौलचं सगळं अर्थकारण येतं. बंदर कोकणात, गिऱ्हाईक घाटावर. जुन्नर, नगर, बिदरला जे लागायचं ते इथे उतरायचं. घाटावरून कापड आणि धान्य खाली यायचं. पुढचं सगळं समजायला एवढं लक्षात असू द्या.

पोर्तुगीज आले ते मार खाऊन

चौलच्या पाण्यात पोर्तुगीजांचं पहिलं मोठं नाव झालं ते पराभवामुळे. मार्च १५०८. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आलं, त्याला दीवचा मलिक अयाज येऊन मिळाला. खाडीत पोर्तुगीज जहाजांचा प्रमुख होता लॉरेन्सो द आल्मेदा, खुद्द पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा. निसटून जाताना त्याचं जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांमध्ये अडकलं. तोफगोळ्याने त्याचा पाय गेला, तरी तो डोलकाठीला टेकून हुकूम देत राहिला आणि दुसऱ्या गोळ्याने मेला, असं पोर्तुगीज इतिहासकार लिहितात. हिंदी महासागरात पोर्तुगीज आरमाराची ही पहिली हार. बापाने पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत सूड घेतला आणि अरबी समुद्रावर पोर्तुगीजांचा दरारा बसला.

मग वाटाघाटी. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाने १५२१ मध्ये त्यांना किल्ला बांधू दिला. निजामशाहीला घोडे आणि दारूगोळा हवा होता, पोर्तुगीजांना पाय ठेवायला जागा. वास्को द गामा शेवटच्या खेपेला, १५२४ मध्ये, आधी चौललाच थांबला आणि मग गोव्याला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो कोचीनला वारला.

शेजार काही सुखाचा नव्हता. खाडीच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर आहे. तो ज्याच्या हातात, त्याच्या हातात खाडीचं तोंड. पोर्तुगीजांना तिथे किल्ला हवा होता, निजामशाहीला तो होऊ द्यायचा नव्हता.

१५७० मध्ये भडका उडाला. विजापूरचा आदिलशहा गोव्यावर चालून गेला आणि त्याच सुमारास मुर्तजा निजामशाह चौलवर. वेढा १५७१ च्या पावसाळ्यापर्यंत चालला. शत्रूचं सैन्य लाखाच्या वर होतं असं पोर्तुगीज लिहितात, हे आकडे उघडच फुगवलेले आहेत. लढाई मात्र घराघरांतून झाली. तटाबाहेरच्या इमारतींत शत्रूने आडोसा घेऊ नये म्हणून पोर्तुगीजांनी आपल्याच काही वास्तू पाडल्या. शेवटी वेढा उठला आणि तह झाला. निजामशाही बाजूचा इतिहास लिहिणारा फिरिश्ता याचं खापर फोडतो ते सरदारांवर. पोर्तुगीजांनी त्यांना नजराणे आणि खास करून दारू पाठवून फितवलं, असं त्याचं म्हणणं.

पुढे निजामशाहीने कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उठवलाच, आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकून घेतला.

ऐन भरातलं चौल

त्यानंतरची काही दशकं म्हणजे चौलची चंगळ. १५८३ मध्ये आलेला इंग्रज व्यापारी राल्फ फिच दोन्ही चौलांची नोंद करतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा फ्रेंच प्रवासी पिरार्ड द लाव्हाल इथल्या कारागिरांच्या प्रेमातच पडलेला दिसतो. चौलचं रेशीम गोव्याला जायचं. लाकडी पेट्या, लाखकाम, सुती कापड, सगळ्याला मागणी. विणकर वरच्या चौलात, जहाजं आणि पैसा खालच्या चौलात.

तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा पंथांची चर्च आणि मठ उभे राहिले. त्यातला एक मनोरा आजही लांबून दिसतो. फ्रान्सिस्कन चर्चचा हा बुरूज, गावकरी त्याला ‘सातखणी’ म्हणतात. सात मजले आता उरलेले नाहीत, पण खाली उभं राहून वर पाहिलं की मान दुखते. डोमिनिकन चर्चच्या कमानीही बघण्यासारख्या आहेत. एका छोट्या प्रार्थनाघराशी सेंट झेवियरचं नाव जोडलेलं आहे.

मग ओस कसं पडलं?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. वसई म्हटलं की चिमाजी अप्पा, सुरुंग, मे १७३९ चा विजय आठवतो, आणि रेवदंड्याचंही तसंच झालं असेल असं वाटतं. पण रेवदंडा लढाईत पडलं नाही. १५७०-७१ चा वेढा त्याने पचवला. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने वेढा घातला, तेव्हाही ते टिकलं. या शहराचा जीव त्याआधीपासून हळूहळू जात होता.

पहिला घाव १६३६ चा. निजामशाही संपली. ज्या राज्याचं हे बंदर होतं ते राज्यच नकाशावरून गेलं. उत्तरेतला भाग मोगलांकडे गेला, आणि मोगलांचं बंदर होतं सुरत. घाटावरचा माल ज्या पेठांतून खाली यायचा त्या पेठांचा धनी बदलला आणि वाटही बदलली. पुढे वरचं चौल स्वराज्यात आलं, म्हणजे खाडीतल्या खाडीत दोन सरकारं.

दुसरा घाव पोर्तुगीजांनी स्वतःच्या हाताने घातला. १६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. कंपनीला वस्ती वाढवायची होती, म्हणून तिने विणकर, कारागीर, व्यापारी यांना बोलावून घेतलं आणि धर्माच्या बाबतीत त्रास होणार नाही याची हमी दिली. पोर्तुगीज मुलखात ही हमी मिळत नव्हती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय बसलेलं होतं. चौलचे विणकर मुंबईला गेले. जिथे जगणं सोपं तिथे माणूस जाणारच. मुंबईत आजही चौलकर, चेऊलकर ही आडनावं सापडतात.

विणकर गेले, माल गेला. तट, तोफा आणि चर्चच्या घंटा मागे राहिल्या, आणि त्या सांभाळायचा खर्चही.

१७३९ मध्ये वसई पडल्यावर गोव्याला उरलेली ठाणी झेपेनात. इंग्रज अधिकारी इंचबर्डच्या मध्यस्थीने १७४० मध्ये मराठ्यांशी तह झाला आणि चौल-कोर्लई कागदावर सही करून मराठ्यांना देऊन टाकण्यात आले. १८१८ नंतर इंग्रज आले. तोवर मुंबई इतकी मोठी झाली होती की रेवदंड्याच्या खाडीकडे बघायची कुणाला गरज नव्हती. रिकाम्या मठांच्या जागी नारळ-पोफळी लागल्या. आज वाडीच्या कुंपणापलीकडे मध्येच एखादी कोरीव कमान उभी दिसते, तिच्यावर पानवेल चढलेली.

जी माणसं गेली नाहीत

तहानंतर जमेल तेवढ्या पोर्तुगीजांनी गोवा, दमण गाठलं. ज्यांच्याकडे जहाजाचं भाडं नव्हतं ते मात्र राहिले. हे होते स्थानिक ख्रिस्ती. मजूर, शिपाई, गुलाम म्हणून राबलेल्यांची मुलंबाळं, पोर्तुगीज बाप आणि इथली आई यांची संतती. ही कुटुंबं खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्याखाली वसली.

त्यांची बोली आजही जिवंत आहे. बाहेरचे तिला क्रिस्ती म्हणतात, बोलणारे म्हणतात ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’. शब्द बहुतांश जुन्या पोर्तुगीजचे, वाक्याची ठेवण मराठीची. मराठीसारखं क्रियापद शेवटी. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीवर १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं. जगाच्या भाषाशास्त्रात कोर्लई हे नाव माहीत आहे, कोर्लई बीचवर भजी खाणाऱ्यांना नसतं.

बोलणारे हजाराच्या आसपास. कोचीनची अशीच पोर्तुगीज बोली २०१० मध्ये तिच्या शेवटच्या वक्त्याबरोबर संपली. कोर्लईची टिकली ती वस्ती एकटी पडल्यामुळे. धर्म आजूबाजूच्या हिंदू-मुसलमानांपेक्षा वेगळा, जात वेगळी, मध्ये खाडी. लग्नंही आपापसांत. आता तो एकटेपणा राहिलेला नाही. १९८० च्या दशकात खाडीवर पूल झाला. शाळा मराठी, चर्चमधली प्रार्थनाही पोर्तुगीज सोडून मराठीत आली, आणि मुलं नोकरीसाठी मुंबईला जातात. लेखी साहित्य नसलेली बोली घरात बोलली गेली तरच राहते.

बघायला जायचं असेल तर

रेवदंड्याला तटाच्या आत गाडी लावून पायी फिरा. अवशेष एका ठिकाणी नाहीत, वाड्यांमधून विखुरले आहेत. बरेच खासगी वाड्यांना लागून असल्याने आत जाताना विचारून जा, लोक सहसा नाही म्हणत नाहीत. सातखणी आधी बघा, मग समुद्राच्या बाजूचा तट. भरतीची वेळ पाहून गेलात तर वाळूतून तटाच्या कडेने चालता येतं. पावसाळ्यात दगड फार निसरडे असतात. कोर्लईचा किल्ला लांबट आणि अरुंद आहे, चढ बेताचा. वरून खाडीचं तोंड आणि पलीकडचं रेवदंडा एका नजरेत येतं, आणि त्या डोंगरासाठी एवढी भांडणं का झाली ते नकाशा न उघडता कळतं.

उतरताना वाटेत कोर्लई गाव लागतं. तिथल्या ओट्यावर बसलेल्या आजी आपसांत जे बोलत असतात, त्यातला एखादा शब्द ओळखीचा वाटेल, पुढचा अजिबात कळणार नाही.