तासगावचा बेदाणा: कोरड्या हवेवर उभा राहिलेला धंदा

सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेला कृष्णा-वारणेचा काठ, ऊस आणि साखर कारखाने. पूर्वेला तासगाव, कवठेमहांकाळ, जतचा अवर्षणप्रवण पट्टा. सहकारी साखरेचा इतिहास भरपूर लिहिला गेला. बेदाण्याचा तेवढा नाही, कारण या धंद्याला ना चिमणी, ना गळीत हंगामाचा मुहूर्त. माळावर उघड्या बाजूंच्या शेड दिसतात, एवढंच.

सुरुवात बागेतून झाली. १९६० च्या दशकात गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी तासगाव परिसरातल्या द्राक्ष बागायतदारांना ‘प्रयोग परिवारा’त गुंफलं. पानं किती, त्यांच्यावर ऊन किती पडतं, त्यातून घडात किती वजन भरेल, असा हिशेब शेतकरी वहीत मांडू लागले आणि आपले अनुभव एकमेकांना कळवू लागले. कृषी खात्याच्या पत्रकाची वाट न पाहणारी ही शाळा होती. याच वातावरणात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षजातीच्या बागेतून वेगळा वेल हेरून ‘तास-ए-गणेश’ हे वाण वाढवलं. पुढे पाणी तुटपुंजं आणि जमिनी खारवट, म्हणून डॉगरिज या काटक द्राक्षवेलाच्या खुंटावर कलमं बांधण्याची पद्धत रुळली. पदवीधर संशोधकांपेक्षा बागायतदारांनीच हे पीक घडवलं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

पण ताजं द्राक्ष थांबत नाही. माल एकदम आला की दर पडतो. बेदाणा ही त्यावरची तोड.

घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवले की मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. मग ते शेडमधल्या रॅकवर, जाळ्यांच्या एकावर एक थरांत पसरायचे. वर छप्पर, बाजूंनी वारा. ऊन थेट लागलं तर रंग काळपटतो. सावलीत वाळला तर हिरवट-पिवळा राहतो आणि बाजारात त्यालाच मान. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. फेब्रुवारी ते एप्रिल या भागातली हवा इतकी कोरडी असते, की वाळवायला भट्टी लागत नाही. ज्या हवेमुळे ज्वारी करपायची, तीच हवा फुकटचं इंधन ठरली.

अर्थात ढग आले की सगळं फिसकटतं. रॅकवर माल असताना अवकाळी पाऊस झाला तर रंग जातो, बुरशी धरते.

वाळल्यावर देठ काढणं, मळणी, प्रतवारी. यंत्रं आली तरी निवडायला बायकांचे हात लागतातच. माल शीतगृहात जातो आणि इथे धंद्याचं खरं रूप पालटतं: शेतकऱ्याला पहिल्यांदाच थांबता येतं. रमजान, दिवाळीची मागणी पाहून तो सौद्यात माल उतरवतो. पैशांची नड असेल तर साठ्यावर तारण कर्ज उचलतो. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

दर मात्र आजही तासगाव आणि सांगलीच्या सौद्यांतच ठरतो. व्यापारी मूठभर बेदाणा हातात घेतो, रंग, गोडी आणि साल पाहतो, बोली बोलतो. नमुना पाहताना माल उधळला जातो, त्याची तूट कुणाच्या खात्यावर टाकायची हा तिथला जुना वाद. दिवाळीच्या सुमारास सौदे काही दिवस बंद ठेवून सगळी येणी-देणी शून्यावर आणतात, मगच नव्याने बोली सुरू होते.