भारत इतिहास संशोधक मंडळ

भारत इतिहास संशोधक मंडळ : मराठ्यांच्या इतिहासाची मूळ साधने मिळवणारी, जपणारी व छापणारी पुण्यातील संस्था. स्थापना 7 जुलै 1910. संस्थापक इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (1863–1926) व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे. आरंभीच्या सभा अप्पा बळवंत चौकातील मेहेंदळ्यांच्या वाड्यात भरत. पुढे सदाशिव पेठेत स्वतःची वास्तू झाली. काही वर्षांतच मतभेद होऊन राजवाडे मंडळापासून दूर गेले. त्यांचा अखेरचा काळ धुळ्यात गेला व तेथे त्यांच्या नावे स्वतंत्र संशोधन मंडळ उभे राहिले.

पार्श्वभूमी : पेशवे दप्तर इंग्रज सरकारच्या ताब्यात होते आणि खासगी अभ्यासकांना तेथे सहज प्रवेश नव्हता. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 45 भागांत निघाले, ते 1930 नंतरच्या काही वर्षांत. तोवर अभ्यासकांना देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, इनामदार यांच्या घरांवर व मठ-देवस्थानांवरच अवलंबून राहावे लागले. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या 22 खंडांच्या मालेतील पहिला खंड 1898 चा. त्यामागेही अशीच गावोगावची पायपीट होती. वतनाचा पुरावा म्हणून जपलेले कागदांचे रुमाल (गठ्ठे) परक्याच्या हाती द्यायला घराणी बिचकत. मंडळाच्या नावाने ही देवघेव एका व्यक्तीच्या भिडेवर न राहता संस्थेच्या जबाबदारीवर आली. पुढे वतने गेली (परगणा व कुलकर्णी वतनांचा मुंबई राज्यातील निर्मूलन कायदा 1950 चा), तसे या कागदांचे व्यवहारातील मोल संपले आणि ते रद्दीत जाण्याचा धोका वाढला.

लोकाश्रय : सभासदांची वर्गणी, देणग्या व ग्रंथविक्री हे मंडळाचे मुख्य आधार, सरकारी अनुदान त्यांच्या जोडीला. कागद देणारी घराणी हाही आश्रयाचाच एक प्रकार मानला पाहिजे. मंडळाच्या संग्रहातील मोडी व फारसी कागदांचा मोठा भाग अशा घराण्यांकडून आलेला आहे. मोडी वाचणारे कमी होत गेल्याने मंडळाने मोडीचे वर्गही चालवले.

प्रकाशने : पाक्षिक सभांत वाचलेली टिपणे प्रथम वार्षिक इतिवृत्तांत व संमेलनवृत्तांत छापली जात, 1920 पासून त्रैमासिक निघू लागले. कागद जळो वा वाळवी लागो, छापील नक्कल शंभर ठिकाणी उरते, या भूमिकेमुळे निवेदनापेक्षा मूळ मजकुराला अधिक पाने मिळाली. ‘शिवचरित्र साहित्य’चे खंड याच धोरणाचे फळ. स. म. दिवेकर यांना तंजावरात मिळालेले परमानंदकृत ‘शिवभारत’ 1927 मध्ये प्रसिद्ध झाले. दत्तो वामन पोतदार यांनी दीर्घकाळ चिटणीसपद सांभाळले. ग. ह. खरे (1901–1985) यांनी फारसी साधने, नाणी व मूर्तिशास्त्र या शाखा वाढवल्या.

जेधे शकावली : भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांच्या घरची ही नोंदवही लोकमान्य टिळकांच्या हाती आली व त्यांनी ती 1916 मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात छापली. तिच्यात शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य 3, शके 1551 (19 फेब्रुवारी 1630) अशी आहे. रूढ तिथी वैशाख शुद्ध 2, शके 1549 ही होती. ‘शिवभारता’ने शकावलीला दुजोरा दिला. तरीही वाद अनेक दशके चालला. राज्य सरकारने 2001 मध्ये 19 फेब्रुवारी हा दिवस मान्य केला. तिथीप्रमाणे जयंती साजरी करण्याची प्रथाही चालू आहे.

कृष्णाकाठची साधने : मंडळापूर्वीच मिरजेत वासुदेवशास्त्री खरे (1858–1924) या शाळामास्तरांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रे निवडून 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ मासिकरूपाने सुरू केला. पानिपतनंतरच्या मराठी राजकारणासाठी तो आजही अपरिहार्य आहे. इचलकरंजी संस्थानाचा इतिहासही त्यांचाच. मिरजेशेजारचे जयसिंगपूर राजर्षी शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावे विसाव्या शतकात आखून वसवले. ती नवी व्यापारी पेठ असल्याने तेथे जुने सरदारी दप्तर नाही. मात्र त्याच शिरोळ तालुक्यात पटवर्धनांचे कुरुंदवाड आहे व खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिरही. यादव राजा सिंघण याचा शके 1136 चा शिलालेख असलेले हे मंदिर केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. घरातील कागदांना असे आपोआप संरक्षण मिळत नाही. मालकाने ते दाखवले, तरच त्यांची नोंद होते. कोल्हापूर संस्थानचे दप्तर शासनाच्या कोल्हापूर पुराभिलेखागारात आहे. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ संपादित केली.

वस्तुसंग्रह : नाणी, चित्रे, ताम्रपट, शस्त्रे.