कपाटातला सिंह आणि पडद्यावरचा सिंह

सन २००३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही त्या वेळी एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर एक माउली आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन सॅक्रिस्तीच्या दाराशी आली. तिच्या हातात विटेएवढे जाड इंग्रजी पुस्तक होते. "फादर, हे घरात ठेवू की नको, तुम्हीच सांगा. ह्यात जादूटोणा आहे म्हणतात." ते हॅरी पॉटरचे त्याच वर्षी निघालेले पाचवे पुस्तक होते. आम्ही मुखपृष्ठ पाहिले, चार पाने उलटली आणि "नसलेलेच बरे" असा निर्वाळा देऊन मोकळे झालो. मुलगी गप्प उभी होती. निघताना तिने एवढेच विचारले, "फादर, तुम्ही वाचलंय?"

आम्ही वाचले नव्हते.

पुस्तक त्या घरी ट्रंकेत गेले, असे पुढे कानावर आले. मुलीचा प्रश्न मात्र आमच्यापाशीच राहिला. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही किशोरांसाठी लिहिलेल्या अद्‌भुत कादंबऱ्या वाचू लागलो आणि त्यांवर निघालेले चित्रपटही पाहू लागलो. ह्या वाटेवर जो इतिहास हाती लागला, तो आमच्या वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. त्यात श्रद्धेची माणसे जागोजागी भेटतात, कधी लेखक म्हणून, तर कधी पहारेकरी म्हणून.

दोन पोरकी मुले

ह्या साहित्याच्या एका मोठ्या शाखेचा उगम शोधू गेल्यास आपण ऑक्सफर्डमधील दोन प्राध्यापकांपाशी पोहोचतो. दोघांनीही बालपणीच आई गमावली होती. जे. आर. आर. टॉल्किन चार वर्षांचे असताना वडील वारले. आई मेबल १९०० साली कॅथलिक झाली. त्यामुळे नातलगांनी पाठ फिरवली आणि १९०४ साली मधुमेहाने तिचे निधन झाले. जाण्यापूर्वी तिने दोन्ही मुलांचे पालकत्व बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन ह्यांच्याकडे सोपवले होते. एका धर्मगुरूच्या छायेत वाढलेला हा मुलगा पुढे 'द हॉबिट' (१९३७) आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) ह्यांचा कर्ता झाला.

दुसरे सी. एस. लुईस. सेमिनरीत आम्हांला ते 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' ह्या दुःखमीमांसेचे लेखक म्हणूनच ठाऊक होते. ते बेलफास्टच्या प्रॉटेस्टंट घराण्यातले. १९०८ साली, ते अवघे नऊ वर्षांचे असताना, कर्करोगाने त्यांची आई गेली. किशोरवयात त्यांनी श्रद्धा टाकून दिली. १९१६ साली रेल्वे स्थानकावरच्या एका दुकानात त्यांना जॉर्ज मॅक्डोनल्ड ह्या स्कॉटिश पाळकाची 'फँटॅस्टीज' ही १८५८ सालची अद्‌भुतकथा मिळाली. त्या पुस्तकाने आपल्या कल्पनाशक्तीला बाप्तिस्मा दिला, असे लुईस नंतर म्हणत. बुद्धीला मात्र आणखी पंधरा वर्षे लागली. सप्टेंबर १९३१ मध्ये एका रात्री मॉडलिन कॉलेजच्या आवारात टॉल्किन आणि ह्यूगो डायसन ह्या मित्रांशी त्यांचे दीर्घ संभाषण झाले. मरून पुन्हा उठणाऱ्या देवांच्या पुराणकथा लुईसना भारून टाकत. ख्रिस्ताची कथा तशीच आहे, पण ती खरोखर घडली, हा मित्रांचा मुद्दा त्यांच्या मनात रुतला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते ख्रिस्ताकडे परतले.

१९३९ साली टॉल्किन ह्यांनी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले; १९४७ साली ते विस्तारून छापले. सर्वनाश समोर ठाकलेला असताना कथा अवचित आनंदाकडे वळते, तो क्षण त्यांच्या मते परीकथेचा प्राण होय. मानवी इतिहासातला असा क्षण म्हणजे ख्रिस्तजन्म, आणि ख्रिस्तजन्माच्या कथेतला असा क्षण म्हणजे पुनरुत्थान, असे ते सांगतात. वाचकांनी हे सूत्र ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

त्याच १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध पेटले आणि लंडनची मुले बाँबच्या भीतीने खेड्यापाड्यांत पाठवण्यात आली. त्यांतली काही ऑक्सफर्डजवळ लुईस ह्यांच्या घरी राहिली. १९५० साली 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' प्रसिद्ध झाले. त्यातली चार भावंडेही अशीच एका प्राध्यापकाच्या घरी येतात आणि कपड्यांच्या कपाटातून नार्निया ह्या बर्फाळ देशात शिरतात. तेथे एका चेटकिणीने नाताळ येऊच न देणारा हिवाळा लादला आहे. एडमंड नावाचा मुलगा मिठाईच्या मोहाने भावंडांचा विश्वासघात करतो. त्याच्या जागी अस्लान हा सिंह स्वतःचा प्राण देतो आणि पहाटे पुन्हा जिवंत होतो. १९५६ पर्यंत ह्या मालेची सात पुस्तके झाली.

लढाईची पाने

चित्रपटाविषयी दोघेही मित्र साशंक होते. १९५८ साली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या एका नियोजित चित्रपटाची संहिता टॉल्किन ह्यांच्याकडे आली. तेव्हा लढाया आणि जादू ह्यांचा हव्यास धरून कथेचा गाभा हरवला आहे, अशी तक्रार त्यांनी पत्रातून केली. लुईस ह्यांनी डिसेंबर १९५९ मध्ये बी.बी.सी.चे लान्स सीव्हकिंग ह्यांना लिहिले की, नभोनाट्य चालेल, पण सिंहाचे सोंग घेतलेला माणूस अस्लान म्हणून उभा करणे आपल्याला ईशनिंदेसारखे वाटेल. हा आक्षेप तंत्रापुरता नव्हता. त्या सिंहाकडे पाहून मुलांच्या मनात भय आणि प्रेम एकाच वेळी दाटून यावे, ही त्यांची अपेक्षा होती.

बी.बी.सी.ने १९८८ साली दूरदर्शन मालिका केली, तीत सिंह यांत्रिक बाहुला होता. संगणकाने सिंहाची आयाळ केसान्‌केस रंगवता येऊ लागली, तेव्हा डिस्नी आणि वॉल्डन मीडिया ह्यांनी सुमारे १८ कोटी डॉलर खर्चून डिसेंबर २००५ मध्ये मोठा चित्रपट आणला. दिग्दर्शक होते अँड्र्यू ॲडमसन. अमेरिकेत चर्चमंडळांपर्यंत त्याची जाहिरात जाणीवपूर्वक पोहोचवण्यात आली. जगभरातून सुमारे ७४ कोटी डॉलर जमा झाले.

चित्रपट वाईट नाही. शिळेच्या मेजावरचा सिंहाचा बळी आम्ही ओल्या डोळ्यांनी पाहिला. परंतु नंतर पुस्तक शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा मापे बदललेली दिसली. लुईस ह्यांनी शेवटची लढाई जेमतेम एक-दोन पानांत उरकली आहे. दोन्ही मुली रणांगणावर पोहोचतात तेव्हा ती संपत आलेली असते. उलट पुनरुत्थानानंतर सिंह आणि त्या दोन मुली टेकडीवर पाठशिवणीचा खेळ खेळतात, एकमेकांच्या अंगावर लोळतात, हसून हसून दमतात, ते वर्णन त्यांनी चवीने केले आहे. चित्रपटात लढाई भव्य आणि लांबलचक झाली आणि खेळाला जागा उरली नाही. सिंह उठतो तो जणू युद्धाला उशीर होतो आहे म्हणून. टॉल्किन ज्याला कथेचा प्राण म्हणत, तो अवचित आनंद घाईघाईने ओलांडला गेला. २००८ च्या दुसऱ्या चित्रपटात तर मूळ पुस्तकात नसलेला किल्ल्यावरचा रात्रीचा हल्लाही घातला. त्याची कमाई सुमारे ४२ कोटींवर आली, आणि डिस्नीने ही माला सोडून दिली.

कापलेला शेवट

आता दुसऱ्या बाजूचा लेखक. फिलिप पुलमन ह्यांचा जन्म १९४६ चा. त्यांचे आजोबा अँग्लिकन धर्मगुरू. त्यांनी १९९८ साली एका लेखात नार्नियावर कडाडून टीका केली. त्यांची स्वतःची 'हिज डार्क मटेरिअल्स' ही तीन पुस्तकांची माला १९९५ ते २००० ह्या काळात आली. तिच्या जगात माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपाने त्याच्या सोबत वावरतो. मुलांच्या आत्म्याचे रूप सतत पालटते, वयात आल्यावर ते स्थिर होते. ह्या जगात कॅल्विन पोप होऊन गेला आहे, आणि मॅजिस्टेरियम नावाची धर्मसत्ता सर्वांवर पहारा ठेवते. मुलांना पापापासून वाचवण्याच्या नावाखाली त्या सत्तेची माणसे उत्तरेकडच्या एका केंद्रात मुले आणि त्यांचे आत्मे कापून वेगळे करतात.

हे वाचताना आम्ही दुखावलो, हे कबूल केले पाहिजे. ज्या अधिकाराला आम्ही सेमिनरीत 'माता आणि गुरू' म्हणून ओळखले, त्याचे हे चित्र आम्हांस अन्यायाचे वाटले. परंतु २००२ साली बोस्टन येथून जी प्रकरणे उघडकीस येऊ लागली, त्यांत आमच्याच बांधवांनी मुलांना दिलेल्या जखमा जगाने पाहिल्या. तेव्हापासून ते पुस्तक निव्वळ द्वेषाचे म्हणून बाजूला सारणे आम्हांस जमलेले नाही. कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स ह्यांनी २००४ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पुलमन ह्यांच्याशी जाहीर संवाद केला आणि ही पुस्तके शाळेतील धर्मशिक्षणात वाचली जावीत, असे सुचवले. विरोधकाशी कसे बोलावे, ह्याचा तो वस्तुपाठ होता.

पहिल्या पुस्तकावरचा 'द गोल्डन कंपास' हा चित्रपट न्यू लाइन कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये आणला. खर्च पुन्हा सुमारे १८ कोटी डॉलर. अमेरिकेतील कॅथलिक लीग ह्या संस्थेने बहिष्काराची हाक दिली. अमेरिकन बिशपांच्या चित्रपट विभागाने आधी अनुकूल परीक्षण दिले आणि मग ते मागे घेतले. आणि एवढे रण कशावर माजले? धर्मसत्तेवरचे सारे बोचरे उल्लेख चित्रपटातून आधीच पुसले गेले होते! मॅजिस्टेरियम नावापुरते उरले होते. ते कोणत्याही सिनेमातल्या हुकूमशहाचे कार्यालय असावे, असे वाटत होते.

त्याहून मोठी कापाकापी शेवटी झाली. पुस्तकाच्या अखेरीस लायरा ही नायिका ज्याला वाचवायला निघालेली असते, तो तिचा मित्र रॉजर मरतो. नकळत तिनेच त्याला त्या मृत्यूपर्यंत आणलेले असते. चित्रीकरण होऊनही हा शेवट गाळण्यात आला, आणि चित्रपट दोघांना आशेने पुढे जाताना दाखवून संपला. त्याने अमेरिकेत सुमारे ७ कोटी आणि जगभरात सुमारे ३७ कोटी डॉलर मिळवले. पुढचे भाग निघाले नाहीत. २०१९ ते २०२२ ह्या काळातील बी.बी.सी. व एच.बी.ओ.च्या मालिकेने तो शेवट परत आणला.

श्रद्धावंताच्या कथेतून पुनरुत्थानाचा आनंद आखडला गेला, श्रद्धाहीनाच्या कथेतून मृत्यूच वगळला गेला. कात्री एकच, बाजाराची. कोणी दुखावू नये, कोणी अडखळू नये आणि सर्वांनी तिकीट काढावे, ह्या हिशेबात मुलांना खरोखर विचारात पाडणारी ठिकाणेच आधी जातात.

पहारेकऱ्यांची चूक

हॅरी पॉटरच्या बाबतीत आमच्यासारखे पहारेकरी जगभर होते. पहिले पुस्तक १९९७ चे, सातवे २००७ चे. आठ चित्रपट २००१ ते २०११ मधले. पुढे ही पुस्तके मराठीतही आली. कार्डिनल रॅत्झिंगर ह्यांनी मार्च २००३ मध्ये एका जर्मन लेखिकेला पाठवलेल्या छोट्याशा पत्रात ह्या पुस्तकांतल्या सूक्ष्म मोहाविषयी चिंता व्यक्त केली होती. ते पोप झाल्यावर, २००५ साली, त्या पत्राचा गाजावाजा झाला. व्हॅटिकनच्या 'लोसेर्व्हातोरे रोमानो' ह्या दैनिकाने जानेवारी २००८ मध्ये अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन्ही लेख छापले आणि २००९ साली सहाव्या चित्रपटाचे कौतुक केले. मार्च २०१९ मध्ये पोलंडमधील ग्दान्स्क येथे चर्चबाहेर ही पुस्तके जाळण्यात आली. नंतर संबंधित धर्मगुरूंना क्षमा मागावी लागली.

जाळणाऱ्यांनी सातवे पुस्तक वाचले असते तर? त्यात नाताळच्या आदल्या रात्री हॅरी आपल्या आईवडिलांच्या कबरीपाशी उभा राहतो. शिळेवर संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातले, शेवटचा शत्रू जो मृत्यू त्याच्या नाशाविषयीचे वचन (१५:२६) कोरलेले आहे. पुढे तो मुलगा इतरांसाठी निःशस्त्र मरणाला सामोरा जातो. ही आणि दुसऱ्या एका थडग्यावरची वचने संपूर्ण मालेचे सार सांगतात, असे लेखिका जे. के. रोलिंग ह्यांनी २००७ साली स्वतः म्हटले. आम्ही मुखपृष्ठावर जादूगार पाहिला आणि आतल्या कबरीपर्यंत पोहोचलोच नाही.

गेल्या नाताळात ती मुलगी आम्हांला भेटली. आता ती स्वतः आई आहे. नऊ वर्षांच्या मुलाला पुढे करून तिने विचारले, "फादर, ह्याला काय वाचायला देऊ?" आम्ही प्रथम तिची क्षमा मागितली. न वाचताच निर्वाळा दिला होता, हे सांगितले. आता वाचले आहे, हेही सांगितले. ती हसली. "ते ट्रंकेतलं पुस्तक मी तेव्हाच वाचून काढलं होतं, फादर. रात्री, टॉर्चच्या उजेडात."

आम्ही त्या मुलाला आमच्या कपाटातले लुईस ह्यांचे पुस्तक दिले. आधी आईने त्याच्यासोबत ते वाचावे, मग दोघांनी चित्रपट पाहावा, एवढीच अट घातली. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी तो पुस्तक परत द्यायला आला. सिनेमा कसा वाटला, असे विचारताच तो म्हणाला, "लढाई भारी होती, फादर. पण सिंह परत आल्यावर ते खेळले का नाहीत?"